घरगुती कार्यशाळेत मोटारसायकलची ॲल्युमिनियमची इंधनटाकी : प्रक्रिया, शास्त्रीय आधार आणि मर्यादा

प्रस्तावना :

महाविद्यालयीन अध्यापनात आपण धातुशास्त्र, भूमिती, उष्णता, रसायनशास्त्र आणि कायदा हे विषय वेगवेगळ्या वर्गांत, वेगवेगळ्या तासांना शिकवतो. प्रत्यक्ष जीवनातील एखादी वस्तू मात्र या विभागणीला जुमानत नाही. मोटारसायकलची इंधनटाकी ही अशीच एक वस्तू होय. पत्र्याचा एक पोकळ डबा, त्यात काही लिटर पेट्रोल, खाली तापलेले इंजिन आणि वर बसलेला माणूस, इतकेच तिचे वर्णन करता येईल. परंतु हा डबा स्वतःच्या हाताने करावयाचे ठरविले की वरील सर्व विषय एकाच टेबलावर येऊन बसतात आणि त्यांपैकी एकाकडेही दुर्लक्ष करणे परवडत नाही.

गेल्या काही वर्षांत जुन्या मोटारसायकलींचे पुनरुज्जीवन करणारे आणि त्यांना स्वतःच्या कल्पनेप्रमाणे रूप देणारे हौशी लोक आपल्याकडेही दिसू लागले आहेत. त्यांत आपले विद्यार्थीही आहेत. प्रस्तुत लेखात ॲल्युमिनियमची इंधनटाकी घरगुती कार्यशाळेत कशी घडविली जाते, प्रत्येक टप्प्यामागे कोणते शास्त्रीय तत्त्व आहे आणि या उद्योगाच्या मर्यादा कोठे आहेत, याचा विचार केला आहे. विवेचनाचा आधार प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि संबंधित शास्त्रांतील सर्वमान्य सिद्धान्त हा आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

हाताने ठोकलेल्या ॲल्युमिनियमच्या टाकीचे मूळ ब्रिटनमधील मोटारसायकल शर्यतींत सापडते. वजन कमी करणे हे शर्यतीच्या वाहनाचे पहिले उद्दिष्ट असल्याने तेथील कारागीर लोखंडाऐवजी या हलक्या धातूकडे वळले. पुढे १९५० आणि १९६० च्या दशकांत 'कॅफे रेसर' म्हणून ओळखल्या गेलेल्या तरुणांनी शर्यतीच्या वाहनांचे हे रूप रस्त्यावर आणले. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरील एस कॅफे हे त्यांचे प्रसिद्ध जमण्याचे ठिकाण १९३८ साली सुरू झाले, १९६९ साली बंद पडले आणि २००१ साली पुन्हा उघडले. नॉर्टनच्या सांगाड्यात ट्रायम्फचे इंजिन बसवून केलेली 'ट्रायटन' ही या संस्कृतीची ठळक निर्मिती. लांबट, गुडघ्यांसाठी बाजूंना खोलगट केलेली, चकाकणारी टाकी ही अशा वाहनांची खूण ठरली.

भारताशी या इतिहासाचा धागा रॉयल एनफील्डमुळे जुळतो. १९५५ साली मद्रास येथे एनफील्ड इंडिया या कंपनीची स्थापना झाली आणि ब्रिटिश घडणीची बुलेट येथे तयार होऊ लागली. त्यामुळे त्या परंपरेतील टाकी बसविण्यासाठी आवश्यक असलेला सांगाडा आपल्याकडे गावोगावी उपलब्ध आहे.

पत्रा ठोकण्याची विद्या मात्र आपल्याला परकी नाही. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याची भांडी ठोकून घडविण्याची परंपरा पेशवेकाळापासून चालत आली आहे. भांड्याच्या पृष्ठभागावर हातोडीचे एकसारखे ठोके देऊन त्याला घट्टपणा आणि चमक आणण्याच्या कामास तांबट 'मठारकाम' म्हणतात. ब्रिटिश कारागीर टाकीच्या पत्र्यावर अखेरचा हात फिरवितो तेव्हा तोही तत्त्वतः मठारतच असतो. धातू बदलला तरी क्रिया तीच राहते.

धातूची निवड :

ॲल्युमिनियमची घनता दर घन सेंटिमीटरला २.७ ग्रॅम, तर पोलादाची सुमारे ७.८५ ग्रॅम आहे. यावरून ॲल्युमिनियमची टाकी एकतृतीयांश वजनाची होईल असे वाटणे साहजिक आहे. परंतु तसे होत नाही. ॲल्युमिनियम पोलादाइतके ताठ नसल्याने पत्रा जाड घ्यावा लागतो. टाकीसाठी एकूण अर्धा चौरस मीटर पत्रा लागतो असे मानू. ०.९ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन साडेतीन किलोग्रॅम भरेल, तर १.६ मिलिमीटर ॲल्युमिनियमचे सुमारे २.२ किलोग्रॅम. म्हणजे बचत सव्वा किलोच्या आसपास होते. ती नगण्य नाही, पण कल्पनेइतकी मोठीही नाही. गंज न चढणे आणि हातातील साध्या अवजारांनी आकार घेणे, हे या धातूचे खरे लाभ होत.

बाजारात मिळणारा प्रत्येक ॲल्युमिनियमचा पत्रा या कामाला चालत नाही. ३००३ या क्रमांकाच्या मिश्रधातूत सुमारे एक ते दीड टक्का मँगनीज असते. तो सहज वाकतो, ताणला जातो आणि चांगला जोडला जातो. ५०५२ मध्ये सुमारे अडीच टक्के मॅग्नेशियम असते. तो अधिक बळकट, परंतु ठोकण्यास अधिक चिवट असतो. ६०६१ हा उष्णतासंस्कारित मिश्रधातू बळकट असल्यामुळे अनेकांना मोह पाडतो. पण त्याच्या कठीण अवस्थेत तो लहान त्रिज्येत वाकविल्यास तडकतो, शिवाय जोडकामाच्या उष्णतेने त्याची मिळविलेली ताकद सांध्यापाशी बरीच कमी होते. त्यामुळे नवशिक्याने ३००३ चा अर्धकठीण पत्रा निवडावा, हे उचित होय. भंगारातून आणलेल्या अनोळखी पत्र्यावर मेहनत करू नये.

आकार आणि क्षमता :

प्रथम सांगाड्याची मापे घेऊन पुठ्ठ्याची प्रतिकृती तयार करतात. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहणे, आसनाची जागा, गुडघ्यांची जागा आणि इंजिनच्या माथ्यापासूनचे अंतर या चार गोष्टी याच टप्प्यावर निश्चित होतात. टाकीच्या तळाशी सांगाड्याची मुख्य नळी सामावणारा एक बोगदा ठेवावा लागतो.

क्षमतेचा अंदाज आपण पदवीपूर्व वर्गात शिकवितो त्या सिम्प्सनच्या नियमाने काढता येतो. समजा, टाकीची लांबी ४५ सेंटिमीटर असून पुढील, मधल्या व मागील छेदांचे क्षेत्रफळ अनुक्रमे २५०, ४०० व १८० चौरस सेंटिमीटर आहे. लांबीचा सहावा भाग म्हणजे ७.५, त्यास २५० अधिक ४०० ची चौपट अधिक १८०, म्हणजे २०३० ने गुणल्यास १५,२२५ घन सेंटिमीटर हे उत्तर मिळते. त्यातून ८ सेंटिमीटर रुंद व तितक्याच उंच बोगद्याचे २,८८० घन सेंटिमीटर वजा केले असता सुमारे १२.३ लिटर क्षमता उरते.

ही सर्व क्षमता वापरता येत नाही. पेट्रोलचे आकारमान तापमानाच्या दर अंशास हजारात सुमारे एका भागाने वाढते. जमिनीखालच्या साठ्यातून आलेले १२ लिटर पेट्रोल दुपारच्या उन्हात २० अंशांनी तापले तर ते जवळजवळ पाव लिटरने वाढेल. त्यासाठी माथ्यावर मोकळी जागा हवी. त्याचप्रमाणे झाकणात हवा येण्याजाण्याची वाट हवी. ती नसल्यास पेट्रोल खाली उतरताच आत निर्वात निर्माण होऊन पुरवठा खंडित होतो आणि चालते वाहन रस्त्यातच बंद पडते.

पत्र्याला आकार देणे :

सपाट कागद नळीसारखा गुंडाळता येतो, पण चेंडूवर सुरकुती न पडता बसविता येत नाही. कार्ल फ्रीडरिश गाउस याने १८२७ साली मांडलेल्या वक्रतेच्या सिद्धान्ताचा हा व्यवहारातील अर्थ होय. पृष्ठभाग न ताणता वाकविल्यास त्याची आंतरिक वक्रता बदलत नाही. टाकीचा माथा दोन्ही दिशांनी वक्र असल्याने तो केवळ वाकवून साधत नाही. पत्रा कोठेतरी ताणावा तरी लागतो किंवा आकुंचित तरी करावा लागतो. पत्र्याच्या कामातील सारे कौशल्य याच एका वाक्यात सामावलेले आहे.

घरगुती पद्धतीत जाड चामड्याची वाळू भरलेली पिशवी किंवा खोलगट कोरलेला लाकडी ठोकळा खाली घेऊन लाकडी मोगरीने पत्रा मध्याकडून ताणतात. ताणलेला भाग पातळ होतो, म्हणून एकाच जागी ठोके देणे टाळावे. कडेला आलेल्या चुण्या ठोकून आत दाबल्यास तेथील पत्रा आकुंचन पावून जाड होतो. त्यानंतर गोलसर लोखंडी ठोकळ्यावर पत्रा धरून सपाट, गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने हलके ठोके देत तो मठारला जातो. मधूनमधून लाकडी साच्यावर बसवून आकार तपासावा.

ठोके बसत जातात तसा पत्रा कठीण होतो. धातूच्या स्फटिकरचनेतील दोष वाढत जाऊन एकमेकांत अडकतात आणि थरांचे सरकणे अवघड होते, हे त्याचे कारण. अशा वेळी पत्रा तापवून मऊ करावा लागतो. लोखंड तापले की लाल होते. ॲल्युमिनियम मात्र रंग न बदलता थेट वितळते. यावर कारागिरांनी सोपा उपाय शोधला आहे. पत्र्यावर कपड्याच्या साबणाच्या रेघा ओढतात आणि मागील बाजूने ज्योत फिरवितात. रेघा काळपट तपकिरी झाल्या की पत्रा साधारण साडेतीनशे ते चारशे अंशांपर्यंत तापला असे समजून ज्योत बाजूला घेतात. तापमापकाचे काम करणारी ही साबणाची रेघ म्हणजे व्यावहारिक ज्ञानाचा सुंदर नमुना आहे.

जोडकाम :

टाकीचे सर्व टप्पे घरी करता आले तरी जोडकाम हा घरगुतीपणाची कसोटी पाहणारा टप्पा होय. ३००३ हा मिश्रधातू सुमारे ६५० अंशांवर वितळतो. परंतु त्याच्या पृष्ठभागावर सदैव असणारा ऑक्साइडचा पातळ थर २००० अंशांहून अधिक तापमानाला वितळतो. परिणामी वरची साय न फुटता आतील धातू वाहू लागतो. टंगस्टनचा विद्युदग्र आणि आर्गन वायूचे आवरण वापरणाऱ्या, बोलीभाषेत 'आर्गन वेल्डिंग' म्हटल्या जाणाऱ्या पद्धतीत यासाठी प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाह वापरतात. विद्युदग्र धन असतानाच्या अर्धचक्रात ऑक्साइडचा थर फुटून निघतो आणि ऋण असतानाच्या अर्धचक्रात उष्णता धातूत खोल जाते. म्हणूनच केवळ एकदिश प्रवाह देणारे स्वस्त यंत्र या कामास निरुपयोगी ठरते. भरणधातू म्हणून ३००३ साठी सुमारे पाच टक्के सिलिकॉन असलेली ४०४३ क्रमांकाची सळई सामान्यतः वापरतात.

सांधा करण्यापूर्वीची स्वच्छता निर्णायक असते. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन सहज विरघळतो, पण धातू गोठताच तो बाहेर पडू पाहतो आणि सांध्यात सूक्ष्म छिद्रे राहतात. हा हायड्रोजन ओलावा, तेल आणि बोटांचे डाग यांतून येतो. त्यामुळे कडा ॲसिटोनने पुसून, केवळ ॲल्युमिनियमसाठी राखून ठेवलेल्या स्टेनलेस स्टीलच्या ब्रशने घासाव्यात. पावसाळी हवेत ही काळजी दुपटीने घ्यावी. क्लोरीनयुक्त द्रावक मात्र कधीही वापरू नये, कारण जोडकामाच्या उष्णतेत व किरणांत त्यापासून अत्यंत विषारी वायू तयार होतो. बंद खोलीत आर्गन साचल्यास गुदमरण्याचाही धोका असतो.

दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर टाके घालून मगच सलग सांधा भरावा. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे एका टोकापासून सरळ जोडत गेल्यास पत्रा वेडावाकडा होतो. झाकणाचे तोंड, पेट्रोल कॉकची बैठक आणि आधाराच्या पट्ट्या टाकी बंद करण्यापूर्वी जोडाव्यात. सांधा कानशीने घासून पूर्ण सपाट करण्याचा मोह टाळावा. त्यात दिखाऊपणा साधतो आणि ताकद जाते.

चाचणी :

टाकी गळते किंवा नाही हे पाहण्यासाठी हवेचा दाब देऊन साबणाचे पाणी लावतात. येथे एक साधे गणित ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. ०.२ बार हा दाब मोटारसायकलच्या चाकातील दाबाच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे क्षुल्लक वाटतो. परंतु ४० बाय २० सेंटिमीटरच्या बाजूवर तो सुमारे १६० किलोग्रॅम वजनाइतका भार देतो. याहून अधिक दाबाने टाकी फुगून कायमची विद्रूप होते. हवा भरण्याचे यंत्र थेट जोडण्याऐवजी पारदर्शक नळीत एक मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा करावा. त्याने साधारण ०.१ बार दाब मिळतो आणि तो मर्यादेबाहेर जात नाही. स्तंभाची पातळी काही तास ढळली नाही तर टाकी बिनगळती समजावी.

एका भेगेचा धडा :

प्रस्तुत लेखकाने केलेली पहिली टाकी या चाचणीत उत्तीर्ण झाली होती. तरीही काही आठवड्यांच्या वापरानंतर मागील आधाराच्या पट्टीपाशी केसासारखी भेग पडली आणि पेट्रोलचा ओघळ इंजिनच्या दिशेने येऊ लागला. कारण नंतर उमगले. पट्टी पातळ पत्र्यालाच जोडलेली होती आणि रबर न घालता सांगाड्याशी आवळलेली होती. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरते तेव्हा सेकंदाला ५० हादरे बसतात. तासाला १ लाख ८० हजार आणि सुमारे ५५ तासांत एक कोटी. पोलादाला थकव्याची एक खालची मर्यादा असते, तिच्या आतील ताण ते दीर्घकाळ सोसते. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. ताण लहान असला तरी आवर्तने वाढत गेली की भेग केव्हातरी पडतेच. स्थिर दाबाची चाचणी या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही.

दुरुस्तीसाठी टाकी एका वयस्क वेल्डरकडे नेली. यंत्र सुरू करण्यापूर्वी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सर, यात पेट्रोल घातलं होतं का?" होकार मिळताच त्यांनी टाकी परत माझ्या हातात दिली. ती दोनदा साबणाच्या पाण्याने धुतली आहे, हे सांगून पाहिले. ते म्हणाले, "झाकण काढा, नाक लावून बघा. वास येतोय तोवर मी हात लावणार नाही." वास येत होता. हवेत पेट्रोलची वाफ सुमारे दीड ते साडेसात टक्के असली की ती ठिणगीने स्फोट पावते, हे आकडे मला ठाऊक होते. मी ते वर्गात सांगितलेही होते. 'रिकामी' टाकी भरलेल्या टाकीहून अधिक घातक असते, हा त्या आकड्यांचा अर्थ मात्र त्या दिवशी मला एका कारागिराने समजावून दिला. वास हासुद्धा पुरेसा निकष नव्हे. सांध्याच्या फटीत राहिलेले इंधन तापताच पुन्हा वाफ होते. पेट्रोल लागलेल्या टाकीला घरी ज्योत लावू नये, हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा नियम होय. मी ती टाकी कापून टाकली आणि नवी केली. नव्या टाकीत पट्टीखाली गोल कोपऱ्यांचा तीन मिलिमीटर जाड दुहेरी पत्रा जोडला, आधाराला रबर घातले आणि रबरामुळे विलग झालेली टाकी स्थिर विद्युत साचू नये म्हणून तारेने सांगाड्याशी जोडली.

इंधन, कायदा आणि मर्यादा :

पूर्वीच्या हौशी कारागिरांपुढे नसलेला एक प्रश्न आज आहे. भारतात २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते देशभर प्रचलित झाले. इथेनॉल ओलावा शोषून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेल्यास पाणी व इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो आणि तेथे ॲल्युमिनियमला खड्डे पडू शकतात. पितळी कॉक थेट ॲल्युमिनियममध्ये बसविलेला असेल तर दोन धातूंमधील विद्युत्-रासायनिक क्रियेने ही झीज वाढते. म्हणून कॉक टाकीच्या सर्वांत खालच्या बिंदूवर असावा, वाहन महिनोन्‌महिने अर्धवट भरलेल्या टाकीने उभे ठेवू नये आणि आतून लेप द्यावयाचा झाल्यास तो इथेनॉलला टिकणारा असावा.

कायद्याची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात या तरतुदीचा अर्थ कठोरपणे लावला. त्याच वर्षी सुधारलेल्या कलम १८२-अ मध्ये अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. त्यामुळे टाकी बदलण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून लेखी खुलासा घेणे आणि विमा कंपनीस कळविणे आवश्यक ठरते. तोपर्यंत अशी टाकी प्रदर्शनासाठी किंवा अभ्यासाची वस्तू म्हणूनच राहणे योग्य होय. दुसरी टाकी माझ्या घरी आज त्याच स्वरूपात आहे.

निष्कर्ष :

१) ॲल्युमिनियमच्या टाकीचा वजनातील लाभ मर्यादित आहे, गंजरोध व आकार घेण्याची सुलभता हे तिचे प्रमुख गुण होत.

२) मापन, साचा आणि पत्र्याचे ठोककाम घरगुती कार्यशाळेत शक्य आहे, जोडकाम अनुभवी कारागिराकडून करून घेणे श्रेयस्कर.

३) गळतीची चाचणी आवश्यक आहे, परंतु ती थकव्याविषयी काहीच सांगत नाही, आधाराच्या जागांची रचना हाच टाकीच्या आयुष्याचा निर्णायक घटक आहे.

४) पेट्रोल लागलेल्या टाकीची घरी दुरुस्ती करू नये.

५) कायदेशीर परवानगीविना अशी टाकी सार्वजनिक रस्त्यावर वापरू नये.

समारोप :

आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी आजही एखाद्या गॅरेजच्या मागील अंगणात पत्रा ठोकत असेल. त्याला केवळ 'हे करू नकोस' असे सांगणे सोपे आहे. तो ते ऐकणार नाही. त्याला साबणाची रेघ, पाण्याचा स्तंभ आणि एक कोटी हादऱ्यांचे गणित समजावून देणे अधिक उपयुक्त ठरेल. त्यासाठी प्राध्यापकाला वर्गाबाहेर पडून वेल्डरच्या दुकानापर्यंत जावे लागेल. तेथे आपल्याला सांगण्यासारखे पुष्कळ असते, आणि ऐकण्यासारखे त्याहून थोडे अधिक.